त्या दुपारी वाडीत कोण होतं

मु. चोहटनजवळ, जि. बाडमेर (राजस्थान)
ता. २६ फेब्रुवारी १९७३

ती. कारभारी काकांस,
सोनाजीचा सलाम वि. वि.

तर तुम्ही पुन्हा तेच लिहिलं. मागच्या पत्रात तेच, त्याच्या मागच्यात तेच. की मी रविवार पाळत नाय, मिस्साला जात नाय, ख्रिस्तसभेपासून तुटलो. काका, जाऊ कुठं ते तरी एकदा लिहा. इथून जवळचं चर्च म्हणजे जोधपूर, अन् जोधपूर म्हणजे इथल्या माणसाला दुसरा मुलूख. बोअरिंगच्या गाडीला रविवार कळत नाय. मालकाला मी एकदा म्हणलो की आमच्यात रविवार असतो. तो म्हणाला, पाणी लागंल त्या दिवशी तुझा रविवार. आता वाळूत पाणी कधी लागावं अन् माझा रविवार कधी यावा.

तुम्ही वाडीचे मास्तर. फादर महिन्यातून एकदा फटफटीवर येणार, बाकी दिवस प्रार्थना तुम्ही घेणार, अन् आम्हा पोरांना धर्माची प्रश्नोत्तरीबी तुम्हीच शिकवणार. ख्रिस्तसभा म्हणजे काय, हा प्रश्न आला की माझ्या वाट्याला लिंबाची छडी ठरलेली. चौथीच्या पुढं मी गेलो नाय, त्यात त्या प्रश्नाचाबी हात आहे. तेव्हा उत्तर दोन ओळींचं होतं, बाप्तिस्मा घेतलेल्या साऱ्यांची मंडळी, असं कायतरी. आता तुम्ही मिशनाच्या शिबिराला जाऊन आले अन् लिहिता, ख्रिस्तसभा हे एक गूढ आहे. मग माझ्या छड्या परत करा काका. गूढच होती तर दहा वर्षांच्या पोराला कशी यावी?

तुमच्याशी तकरार करायला मला बरं वाटतं, म्हणून लिहितो. इथं कुणी आपलं बोलत नाय. सारखं मनात येतं, आपल्या वाडीला प्यायला पाणी नाय अन् मी परमुलखात लोकांच्या जमिनीला भोकं पाडत फिरतोय. पाय एका जागी टिकत नाय हे खरं. मिशनाची बोअरिंगची मशीन सोडून इकडं आलो, त्याचं तुम्ही कितीदा लिहिलं. पुन्हा लिहू नका.

आशाचं बघा. पोटुशी आहे, तिला तलावाच्या कामावर पाठवू नका, कुणी कितीबी म्हणो. मालक म्हणतो, एप्रिलात रजेचं बघू. लेकराच्या बाप्तिस्म्याला मी येणार म्हणजे येणार.

काकींना सलाम. पोरावर लोभ आहे तो माझ्या तोंडाळपणामुळं कमी करू नये.

आपला,
सोनाजी


मु. खोडेवाडी, फर्दापूरजवळ, जि. औरंगाबाद
ता. १० मार्च १९७३

चि. सोनाजीस,
कारभारीचा अनेक आशीर्वाद. येशू तुझे रक्षण करो.

पत्र पावले. छड्या परत मागतोस, तर घरी ये. व्याजासह देतो.

गुढाचे विचारलेस म्हणून लिहितो. शिबिरात फादर म्हणाले, गूढ म्हणजे कुलूप नव्हे. जे डोळ्यांना दिसते त्याच्या आत न दिसणारे काम चालू असते, ते समजत जाते पण समजून संपत नाही, त्याला गूढ म्हणावे. ख्रिस्तसभा तशी आहे. मी विचारले, मग ती दिसते किती व न दिसते किती? ते हसून म्हणाले, मास्तर, तुम्ही मोजमाप मागता. खरे सांगायचे तर मला ते नीट उमगले नाही. आत कोण व बाहेर कोण हे ठाऊक असले म्हणजे मला बरे वाटते. पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पाण्याच्या अलीकडे एक कारभारी होता आणि पलीकडे दुसरा, एवढे मला पक्के कळले. त्या एवढ्यावर मी आयुष्य काढले आहे. आता या वयात मला गूढ नको होते.

गावाचे हाल तू जाणतोस. विहिरीत तळ दिसतो. सारी वाडी पाझर तलावाच्या कामावर जाते. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळते, ती पोटात दगडासारखी बसते. मिशनातून दलिया येतो तो मी व तुझी काकी वस्तीत वाटतो. आशाबाईस कामावर पाठवीत नाही, निश्चिंत अस. धनगरवाड्यातली सुईण सखूबाई पोट पाहून जाते. तूही तिच्याच हातचा, हे ती आल्या गेल्याला सांगते. तिची निम्मी मेंढरे चाऱ्यावाचून गेली, पण जिभेचा दुष्काळ नाही. म्हणते, सोन्याला लिहा, मारवाड्यांना पाणी पाजतो, पण त्याच्या लेकराच्या पहिल्या अंघोळीला इथं तांब्याभर नाही.

ईस्टरआधीचे चाळिसाचे उपास चालू आहेत. इथे न धरताही ते होतात. तू निदान शुक्रवारी मांस वर्ज्य कर, आणि रोज एक नमो मरिया म्हणत जा. त्याला चर्च लागत नाही.

इथल्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवावी. लोभ असावा.

तुझा काका,
कारभारी


मु. खोडेवाडी
ता. २४ मार्च १९७३

चि. सोनाजीस आशीर्वाद.

तार केली आहे. तुझी गाडी जागा बदलते, ती पोचली नसेल म्हणून लिहितो.

परवा गुरुवारी दुपारी आशाबाई बाळंत झाली. दिवस भरले नव्हते. मुलगी झाली आणि मुलगी गेली. आशाबाई बरी आहे, तिच्या जिवाला धोका नाही. हे आधी वाच, मग पुढचे.

मी, काकी, सारी वस्ती तलावावर होतो. घरी आशाबाईजवळ सखूबाई एकटी होती. निरोप येऊन मी धावत पोचलो तोवर लेकरू थंड झाले होते. सखूबाई मला दारातच म्हणाली, मास्तर, मी पाणी घातलं, जीव होता तवाच घातलं. तुला प्रश्नोत्तरीतले आठवत असेल. मरणाच्या दारात असलेल्याला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, देणारा ख्रिस्ती नसला तरी चालतो. पाणी ओतावे, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने असे म्हणावे, आणि ख्रिस्तसभा करते तेच मी करतो आहे एवढे मनात असावे. पूर्वी मीच हे सुइणींना शिकविले होते, सखूबाईलाही. म्हणून मी विचारले की म्हणालीस काय. ती म्हणाली, तुमचं म्हणायचं असतं ते म्हणलं. सारे म्हणालीस का, असे विचारले, तर म्हणाली, मास्तर, तवा माझा जीव थाऱ्यावर होता का?

आणि मुलीच्या कपाळावर भंडारा होता. खंडोबाची हळद. पाण्याने ओघळून भुवईपर्यंत आली होती.

मग ते पाणी कोणाच्या नावाचे होते, हे मी कसे ठरवावे? फादर दुष्काळी कामांसाठी लांब गेलेले. ऊन असे की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवेना. आपल्या दफनभूमीला भिंत आहे. बाप्तिस्मा झालेले आत, न झालेले बाहेर, हे मी शिकलो आणि इतरांना शिकविले. दोन वर्षांमागे वस्तीतल्या लुकसचे लेकरू बाप्तिस्म्याआधी गेले, तेव्हा त्याला मीच बाहेर ठेवायला लावले. आज माझ्या घरचे म्हणून नियम बदलला तर लुकसला काय तोंड दाखवू? विचारायला कोणी नव्हते. संध्याकाळी मी भिंतीबाहेर, फाटकाच्या उजव्या अंगाला तिला माती दिली.

आशाबाईस सांगितले. तिने तोंड फिरवले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

पुढे लिहवत नाही. राग धरशील हे जाणून आहे, तरी लोभ तोडू नकोस.

कारभारी


मु. पोस्ट चोहटन
ता. ५ एप्रिल १९७३

ती. काकांस सलाम.

तार आणि पत्र एकाच दिवशी हातात आलं. पत्र आधी फोडलं. मग तार उघडली, तीत लिहिलं होतं की लवकर ये.

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, बोअरच्या दांड्या खाली भोकात अडकल्यात, त्या निघेपर्यंत माणूस सोडत नाय, जायचं तर जा अन् परत येऊ नको. मी गाठोडं बांधून सडकंवर जाऊन बसलो. बाडमेरला जाणारी एकच बस. ती त्या दिवशी आली नाय. संध्याकाळपर्यंत बसलो काका, अन् बसल्या बसल्या असं झालं की जाऊन तरी काय करू. लेकरू बघितलं नाय, माती दिली नाय, आता माती बघायला जायचं? उठलो अन् परत आलो. दांड्या अजून अडकूनच आहेत.

तुम्हाला शिव्या लिहायच्या म्हणून कागद घेतला. लिहिता येत नाय. तुम्हीच मला वाढवलं, तुम्हीच हाताला धरून अक्षर गिरवलं, त्याच अक्षरानं तुम्हाला काय लिहू. पण एक विचारतो, त्याचं उत्तर द्या. ह्या वेळी छडीला भिणार नाय.

तुम्ही म्हणायचे, ख्रिस्तसभा ही आई आहे. लेकराच्या जन्मापासून मरणापर्यंत ती उशाशी असते. माझी पोरगी एका दुपारीच जन्मली अन् त्याच दुपारी गेली. तिला तर सगळं आयुष्यच तेवढं मिळालं. तेवढ्यात तिच्या उशाशी कोण होतं? फादर नव्हते. तुम्ही नव्हते. मी तर नव्हतोच. वस्तीतलं बाप्तिस्मा झालेलं एक माणूस तिथं नव्हतं, आशा सोडून, अन् ती बिचारी स्वतःच अर्धमेली. तांब्यातलं पाणी जिनं ओतलं ती खंडोबाची बाई. मग त्या दुपारी खोडेवाडीत ख्रिस्तसभा कोण होती? एक तर ती नव्हतीच, मग तुम्ही मला कशापासून तुटलो म्हणता? नाय तर ती सखूबाई होती, मग माझी पोर भिंतीच्या बाहेर का?

गूढ आहे असं लिहू नका. ते ऐकायची ताकद नाय.

तिला आत आणा. दुसरं काही मागत नाय. अन् आशाला म्हणावं, तिनं काय ऐकलं, काय बघितलं, ते मला लिही. ती सातवी शिकलेली आहे, तिला लिहायला कुणाचा हात लागत नाय.

रागात आहे, पण लोभातून काढू नका.

सोनाजी


मु. खोडेवाडी
ता. १४ एप्रिल १९७३

श्री. यांस,
आशाचा सलाम वि. वि.

पत्र काकांनी माझ्यापुढे ठेवले आणि बाहेर जाऊन बसले. मी आता हिंडते फिरते. कळशी मात्र उचलत नाही, काकी उचलू देत नाहीत.

तुम्ही विचारले ते लिहिते. पोट दुखायला लागले तेव्हा वस्तीत कोणी नव्हते. सखूबाई मेंढरांमागे जाताना डोकावली म्हणून सापडली, नाही तर तीही नव्हती. मुलगी झाली तेव्हा रडली नाही, कण्हल्यासारखे केले. सखूबाईने तिला उलटी धरली, पाठीवर थापटले, तोंडात फुंकर घातली. ती मला म्हणाली की घाबरू नको. मग तिने माठ वाकडा केला. माठात तांब्याला पुरेल एवढेच उरले होते. सकाळपासून उन्हात फिरून तिच्याच ओठांना भेगा पडल्या होत्या, तिने ते पाणी तोंडाला लावले नाही. मुलीच्या डोक्यावर धरले आणि म्हणाली, बापाच्या, अन् लेकाच्या. एवढे मी ऐकले. पुढे तिचे ओठ हलत होते, पण माझ्या कानात गरगर आवाज येत होता. ती मधेच थांबली, का मलाच ऐकू आले नाही, हे मला सांगता येणार नाही. खोटे सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल, पण मी खोटे सांगणार नाही.

भंडारा तिने आधी लावला होता की नंतर, ते मी पाहिले नाही. तिच्या कमरेच्या पिशवीत तो नेहमी असतो. नंतर ती माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, पाणी तुमच्या देवासाठी घातलं, हळद मला भेव वाटलं म्हणून लावली, मास्तर हळद बघून पोरीला भिंतीच्या आत घेणार नाय असं मला काय ठाऊक. आता ती आमच्या वस्तीतून जात नाही, टेकडीला वळसा घालून मेंढरे नेते.

काका जेवत नाहीत. प्रार्थना घेतात, पण मधेच थांबतात आणि पुढचे विसरतात. वस्तीतल्या बाया एकमेकींकडे बघतात. मला काकांचा राग येतो, मग दया येते, मग पुन्हा राग येतो. तुम्ही त्यांना आणखी लिहू नका. लिहायचे तर मला लिहा.

मुलीचे नाक तुमच्यासारखे होते. मी तिला मनात एक नाव ठेवले आहे, ते कागदावर लिहीत नाही.

पाणी लागो न लागो, जेवत जावे. आमच्यावर माया असू द्यावी.

तुमची,
आशा


मु. खोडेवाडी
ता. २५ एप्रिल १९७३

चि. सोनाजीस,
कारभारीचा आशीर्वाद.

काल ईस्टरचा मंगळवार, फादर आले. आल्याबरोबर मी सारे सांगितले व तुझे पत्रही वाचून दाखविले. सखूबाईस बोलावणे पाठविले तर ती येईना. मास्तर रागावले, आता फादरसाहेबही रागावणार, असे तिला वाटले. तेव्हा फादर स्वतः धनगरवाड्यावर गेले. मी मागून गेलो. ती मेंढरांच्या कुंपणाआड उभी राहिली. सुरुवातीलाच म्हणाली, मी या कामाचा पैसा घेतलेला नाही.

मी तिला शब्द विचारले होते. फादरांनी शब्द विचारले नाहीत. पाणी का घातलेस, एवढेच विचारले. ती म्हणाली, पोर जातंय असं दिसलं, तिच्या आईबापाच्या देवाच्या दारात तिला कुणी परकी म्हणू नये, म्हणून मास्तरनं दाखवलं होतं तसं केलं.

परतताना फादर वाटेतल्या बांधावर बसले. मग म्हणाले की शब्द पुरे झाले की नाही हे आता देवाला ठाऊक, मी झाले म्हणू शकत नाही आणि नाही झाले असेही म्हणू शकत नाही. पण मास्तर, अशी शंका असेल तेव्हा लेकराच्या बाजूने झुकायचे असते. शिवाय आता नियमही तितका कडक राहिला नाही, आईबापांना बाप्तिस्मा द्यायचाच होता तर लेकराला आत ठेवता येते. लुकसच्या लेकरालाही ठेवता आले असते. हे त्यांनी रागाने सांगितले असते तर मला सोसले असते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितले.

तुझा प्रश्न मी फादरांना पुन्हा विचारला. पत्र दोनदा मागून घेतले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, यावर मी फादर होताना परीक्षा दिली आहे आणि चांगल्या गुणांनी पास झालो आहे. एवढे बोलून पत्र घडी करून मला दिले.

मुलीला आत आणू असे मी म्हटले. त्यासाठी तहसिलीचा व मिशनाचा कागद लागतो, तो मी खटपट करून आणला असता. पण आशाबाई नको म्हणाली. महिन्यानंतर ती मला पहिल्यांदा बोलली, ते हेच. म्हणाली, तिला उकरू नका, तिला एकदाच झोपवलंय.

मग फादरांनी ईस्टरला आशीर्वादित केलेले पाणी घेतले आणि आम्ही फाटकापाशी गेलो. वस्ती कामावरून परतत होती, कोणी हात धुतले, कोणी तसेच आले. फादरांनी प्रार्थना मला सुरू करायला लावली. मी विश्वासांगीकार म्हणू लागलो. पवित्र कॅथलिक ख्रिस्तसभेवर विश्वास ठेवतो, या शब्दांपाशी आलो आणि तिथेच थांबलो. लुकसने पुढचे म्हटले. मी मागे वळून पाहिले तर सारी वाडी भिंतीबाहेर उभी होती. काकी, आशाबाई, लहान पोरे, फादर, सारे. भिंतीच्या आत जिवंत माणूस एकही नव्हते. फादरांनी मुलीवर पाणी शिंपडले, लुकसच्या लेकरावरही.

सखूबाई वरच्या बांधावर मेंढरे घेऊन थांबली होती. हाताने बोलावले तर खाली आली नाही. हाकलल्यासारखे वाटेल म्हणून मी पुन्हा बोलावले नाही. पण प्रार्थना संपेपर्यंत ती गेलीही नाही. तिला आत धरावे की बाहेर, मला सांगता येत नाही. इतकी वर्षे मी हेच तर सांगत आलो होतो.

मला क्षमा कर असे लिहीत नाही, ते तू पाहून घे. ख्रिस्तसभा म्हणजे काय, हे आता मला कोणी विचारू नये असे वाटते. मुलांचा वर्ग काकी घेते.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे.

कारभारी


मु. शिवजवळ, जि. बाडमेर
ता. ४ मे १९७३

ती. काकांस,
सोनाजीचा सलाम वि. वि.

पत्र मिळालं. गाडीनं जागा बदलली. अडकलेल्या दांड्या तिथंच जमिनीत सोडल्या. इथं परवा पाणी लागलं, लोक नाचले, अन् चाखून बघितलं तर खारं. मालकानं मला म्हणलं, घे तुझा रविवार. मी दिवसभर गाडीखाली पडून राहिलो. नमो मरिया म्हणायला लागलो तर मधे विसरलो. तुमचंबी तसंच होतं असं आशानं लिहिलं होतं, म्हणून वाईट वाटलं नाय.

मला समजलं असं काही लिहिणार नाय. फादरला समजलं नाय, तुम्हाला नाय, तर मी चौथी पास. तुमच्यावर राग आहे का, तर आहे. सकाळी असतो, दुपारी जातो, रात्री पुन्हा येतो. पण तुम्ही जेवत नाय हे ऐकून त्या रागाचं काय करावं कळंना. तुम्ही जेवा. पोरांचा वर्ग घ्या. काकी छडी मारत नसंल, पोरं बिघडतील. अन् कुण्या पोरानं तो प्रश्न विचारला तर येत नाय म्हणून सांगा, मी तेच सांगत होतो तर मार खाल्ला.

आशानं म्हणलं तसंच राहू द्या. पोरीला हलवू नका.

मला अजून रजा नाय. पावसाच्या तोंडावर गाडी थांबली तर येईन, नाय तर दिवाळी. आशाला वेगळं पत्र टाकतो. नाव ती मला तोंडानं सांगंल.

आता एक काम सांगतो, ते काकींच्या हातून करा. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पोरगा झाला तर सुईणीला लुगडं-चोळी, पोरगी झाली तर नुसता चोळीचा खण, अन् पोर गेलं तर काहीच नाय, सुईण उंबऱ्याबाहेरून परत जाती. सखूबाई तशीच गेली असंल. तर काकींनी औरंगाबादला जावं, गुलमंडीवरून हिरवं काठाचं चांगलं लुगडं घ्यावं, त्यावर चोळीचा खण घ्यावा, अन् सखूबाईला आपल्या घरात पाटावर बसवून तिची ओटी भरावी. पोर आत आहे का बाहेर, हे तुम्ही ठरवू शकले नाय, फादर ठरवू शकले नाय. मी बाप आहे. माझ्याकडून तिला जितं लेकरू झाल्याचं पुरं द्या. तिनं घेतलं नाय तर तुम्ही स्वतः हात जोडा.

लोभ आहे तो वाढवा असं म्हणायला तोंड नाय, पण कमी करू नका.

आपला,
सोनाजी

ता. क. मनीऑर्डर आजच केली. रुपये पंचेचाळीस.